चेंडू मागेच का टाकायचा?

माझा भाचा आठवीत आहे. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो रग्बीच्या संघात गेला. घरात कुणालाच या खेळाची माहिती नव्हती. आपाला एवढेच कळले होते, की पोरगा रोज चिखलाने माखून येतो आणि गुडघा सोलून घेतो. मीही आझाद मैदानाच्या कडेने जाताना बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाआड पावसात ही झटापट पाहिलेली, पण दोन मिनिटांच्या वर कधी थांबलो नव्हतो. एके दिवशी भाच्याने विचारले, "मामू, पुढे पळायचं असतं तर चेंडू मागे का टाकायचा? सर म्हणतात, नियम आहे. पण का?"

'का' हा इतिहासाचा प्रश्न आहे, सरांना त्यात दोष देता येणार नाही. मी वाचायला बसलो आणि अडकलो.

या खेळाचे पहिले लिखित नियम ऑगस्ट १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या गावातल्या शाळेत तयार झाले. एकूण ३७ नियम. लिहिणारे मास्तर नव्हते, तीन मोठे विद्यार्थी होते. त्यांपैकी एक विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड, शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांचा मुलगा, वय १७. हाच मुलगा पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आला, पंजाबच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि १८५९ मध्ये मायदेशी परतताना जिब्राल्टरला वारला. पंजाबातल्या शाळा कशा चालाव्यात हे ठरवणाऱ्या माणसाने सतराव्या वर्षी नडगीवर लाथ कशी मारावी याचे नियम लिहिले होते. टाचेने मारायची नाही, गुडघ्याच्या वर मारायची नाही, बाकी चालेल. बुटाला बाहेर आलेले खिळे नकोत, असेही एक कलम होते. ते लिहावे लागले, यावरून आधी काय चालत असेल ते समजून घ्यावे.

त्या ३७ कलमांमध्ये भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जो खेळाडू चेंडूच्या पुढे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला उभा आहे, तो आपल्या बाजूचा राहिला नाही, असे त्या मुलांनी धरले होते. आपल्याकडे कबड्डीत बाद झालेला गडी जिवंत होईपर्यंत बाहेर बसतो, तसाच हा, फक्त मैदानावरच उभा. त्याने मागे आपल्या बाजूला यायचे किंवा चेंडू त्याच्या पुढे जाण्याची वाट पाहायची. त्याला ऑफसाइड म्हणतात. आता मी पुढे उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू फेकला, तर मी एका 'मेलेल्या' गड्याला चेंडू दिला. म्हणून हाताने पास द्यायचा तो मागे किंवा सरळ आडवा. लाथेने मात्र चेंडू पुढे मारता येतो. मागून येणाऱ्यांनी धावत जाऊन तो गाठायचा. हे एक सूत्र कळले की निम्मा खेळ कळतो. रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही बाजूंचे गडी उभ्याने भिडतात ती झोंबी, मॉल म्हणजे चेंडूवाल्याला उभ्यानेच धरून होणारी ढकलाढकली, आणि स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून खांद्याला खांदा लावतात तो. तिन्हींत पाहायचे एकच, की कोण चेंडूच्या मागून आला आणि कोण बाजूने घुसला.

खरे तर या खेळात चेंडू हातात घेऊन पळणे हाच अपवाद होता. तो कसा आला, याची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना अचानक चेंडू उचलला आणि धूम ठोकली, नियम धाब्यावर बसवून. विश्वचषकालाही त्याचेच नाव आहे. मात्र ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती १८७६ मध्ये, एलिस १८७२ मध्ये वारल्यानंतर, आणि सांगणारा गृहस्थ त्या दिवशी तिथे हजर नव्हता. १८९५ मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकशी समिती नेमली. तिला प्रत्यक्ष पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. तरी १९०० मध्ये शाळेच्या भिंतीवर एलिसच्या नावाची शिळा बसली.

१८९५ हे साल लक्षात ठेवा. मी त्यावर परत येणार आहे.

नियमांना या खेळात 'लॉज', म्हणजे कायदे म्हणतात. मला ते आधी पोकळ वाटले, पण कारण साधे निघाले. २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि नियम लिहायचे काम तिघांना दिले. तिघेही रग्बी शाळेचे माजी विद्यार्थी आणि तिघेही वकील. वकिलांनी लिहिले, म्हणून कायदे. ५९ कलमे झाली. नडगीवर लाथ मारणे त्यांनी बंद केले. गंमत अशी, की आठ वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, फुटबॉल असोसिएशनने हीच बंदी आणली तेव्हा ब्लॅकहीथ क्लब रागाने बाहेर पडला होता. लाथ काढली तर खेळातला पुरुषार्थ जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. दोन खेळ वेगळे झाले त्यात हाताने चेंडू धरण्याइतकाच या लाथेचाही वाटा होता.

'ट्राय' या शब्दानेही मला बराच वेळ चकवले. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो, ५ गुण मिळतात. मग यात 'प्रयत्न' कसला? तर सुरुवातीला चेंडू टेकवण्याला काहीच किंमत नव्हती. टेकवला की गोलाकडे लाथ मारण्याचा प्रयत्न करायची परवानगी मिळे, आणि मोजला जाई तो गोल. हळूहळू परवानगीच मोठी झाली. १९७१ मध्ये ट्रायचे ३ चे ४ गुण झाले, १९९२ मध्ये ५. जुना गोल आता २ गुणांची पुरवणी होऊन राहिला आहे.

सगळ्यात आवडला तो अॅडव्हान्टेजचा नियम. एका संघाने चूक केली आणि चेंडू दुसऱ्याच्या फायद्यात गेला, तर पंच शिट्टी वाजवत नाही. हात आडवा धरून खेळ चालू देतो. फायदा मिळालाच नाही, तर मागे जाऊन चुकीची शिक्षा देतो. यामागे १८८४ चा इंग्लंड-स्कॉटलंड सामना आहे. एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे ढकलला. स्कॉटलंडच्या समजुतीप्रमाणे ती चूक होती, इंग्लंडच्या समजुतीप्रमाणे नव्हती. इंग्लंडने तो चेंडू उचलून ट्राय केला आणि सामना जिंकला. स्कॉटलंड म्हणाले, आमच्या गड्याने चूक केली, तेव्हाच खेळ थांबायला हवा होता. इंग्लंड म्हणाले, चूक तुमची आणि फायदाही तुमचाच, हा कुठला इन्साफ? पुढच्या वर्षी हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. नियम कुणी ठरवायचे या वादातून १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी आंतरराष्ट्रीय मंडळ काढले. इंग्लंड १८९० मध्ये नाक मुठीत धरून आत आले.

हेच दोन देश दर वर्षी ज्या करंडकासाठी खेळतात, त्याचे नाव कलकत्ता कप. तो आपल्या रुपयांचा आहे, अगदी शब्दशः. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि क्लब काढला. तिथल्या हवेत तो फार टिकला नाही. लोक टेनिस आणि पोलोकडे वळले, आणि फुकटची दारू बंद झाल्यावर सदस्य गळाले असेही सांगतात. क्लब मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले आणि त्यांचा कप घडवला. तीन नाग म्हणजे त्याच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी सामने होतात. १९८८ मध्ये दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूने रात्री तो एडिंबराच्या रस्त्यावर लाथाडत नेला आणि चेपवून टाकला.

आता १८९५. इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये, रग्बी गिरणी आणि खाणकामगारांचा खेळ झाला होता. शनिवारी कामाचा दिवस आणि सामनाही शनिवारी. खेळला की मजुरी बुडे. क्लबांनी मागितले, की बुडालेल्या मजुरीची भरपाई करू द्या. लंडनच्या मंडळाने साफ नकार दिला. पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळ नासवणे. ज्यांना मजुरीवर पोट भरायचे नव्हते, त्यांना हे तत्त्व परवडत होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यांनी भरपाई ठरवली दिवसाला ६ शिलिंग. लाइनआउट काढून टाकला, पुढे १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले. त्यालाच आज रग्बी लीग म्हणतात. मजूर बाहेर पडले त्याच वर्षी माजी विद्यार्थी एलिसची चौकशी करत होते. खेळ आमच्या शाळेत जन्मला, आमच्याच एका मुलाने जन्माला घातला, हे त्यांना नेमके तेव्हा सिद्ध करावेसे वाटले. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पंधरा जणांच्या रग्बीने खेळाडूंना पैसे द्यायला उघड मान्यता दिली ती २६ ऑगस्ट १९९५ रोजी. शंभर वर्षांना तीन दिवस कमी.

बाहेर ठेवण्याचे याहून कठोर नियम दक्षिण आफ्रिकेत झाले. केपटाउनमध्ये डचांनी इंडोनेशिया, मलबार, बंगालमधून गुलाम म्हणून आणलेल्या मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १८८६ मध्ये तिथे गोरेतरांची स्वतंत्र रग्बी संघटना झाली, तिच्या पहिल्या क्लबांपैकी एकाचे नाव 'अरेबियन कॉलेज'. बारा वर्षांनी दुसरी संघटना निघाली, तीही गोरेतरांचीच, आणि तिने मुसलमानांना दार बंद केले. ज्यांना गोऱ्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांनी आपल्यातच आणखी एक उंबरा बांधला. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे वर्णभेदाचे सरकार आले. न्यूझीलंडचा संघ १९६० मध्ये तिथे गेला तो आपले माओरी खेळाडू घरी ठेवून. १९७० मध्ये माओरींना नेले ते 'मानद गोरे' हा शिक्का मारून घेऊन. न्यूलँड्सच्या मैदानावर गोरेतर प्रेक्षक वेगळ्या कोपऱ्यात बसत आणि आपल्याच देशाविरुद्ध न्यूझीलंडसाठी ओरडत. २४ जून १९९५ रोजी दक्षिण आफ्रिकेने विश्वचषक जिंकला, जादा वेळेतल्या एका ड्रॉप गोलने, १५-१२. नेल्सन मंडेलांनी तीच नावडती हिरवी जर्सी घालून करंडक दिला. त्या संघात गोरेतर एकच होता, चेस्टर विल्यम्स. केपटाउनमध्ये न्यूझीलंडसाठी ओरडणारी घरे मात्र त्यानंतरही राहिली. सवय लगेच सुटत नाही.

भाच्याला यातले काही नको होते. त्याच्या खोलीत सॉनी बिल विल्यम्सचा फोटो आहे, न्यूझीलंडकडून खेळलेला पहिला मुस्लिम, २०११ आणि २०१५ च्या विजेत्या संघांतला. त्याने २०१७ मध्ये जर्सीवर बँकेचे चिन्ह घालायला नकार दिला, व्याजाचे कारण सांगून, आणि मंडळाने ते मानले. भाच्याच्या दृष्टीने मुद्दा वेगळाच होता: तो तेराचाही खेळायचा आणि पंधराचाही, मग दोन्हीचे नियम डोक्यात कसे ठेवायचा?

आपाची चिंता मात्र मानेची होती. तिला २०२३ च्या अंतिम सामन्याचे दाखवले. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा समोरच्याच्या डोक्याला लागला, पिवळे कार्ड लाल झाले, संघ १४ जणांवर आला आणि एका गुणाने हरला. डोक्याला धक्का लागला तर विश्वचषक जाऊ शकतो, इतका हा नियम आता कडक आहे. तिने ऐकून घेतले. समाधान झाले असे म्हणवत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघे त्याचा सामना पाहायला गेलो. पाऊस होता. भाच्याच्या हातून चेंडू निसटून पुढे पडला, समोरच्या पोराने तो उचलला आणि सुटला. पंचाने उजवा हात आडवा धरला.

"चूक झाली ना?" आपा म्हणाली. "मग शिट्टी का नाही वाजवली?"

"१८८४ साली," मी सुरुवात केली.

"मॅच संपल्यावर सांग," ती म्हणाली आणि छत्री माझ्या हातात देऊन पुढे दोरीपाशी जाऊन उभी राहिली.