दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी: मुंबईत बनलेल्या एका गोळीची गोष्ट

आजचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

इंजिनीअरिंगनंतर हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा आम्ही तिघं मित्र एका फ्लॅटवर राहायचो. त्यातल्या एकाच्या फोनवर रोज रात्री साडेनऊला अलार्म वाजायचा. तो उठायचा, एक गोळी घ्यायचा आणि परत येऊन मॅच बघत बसायचा. विचारलं की म्हणायचा, "व्हिटॅमिनची आहे रे."

दोन वर्षांनी त्याने खरं सांगितलं. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. ती गोळी म्हणजे एआरटी, अँटिरेट्रोव्हायरल ट्रीटमेंट. मग म्हणाला, "बाबा २००२ मध्ये गेले. औषध होतं रे तेव्हा. आम्हाला परवडत नव्हतं." त्याला विचारूनच हे सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही.

औषध होतं, पण परवडत नव्हतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा एपिसोड.

तर सुरुवातीपासून बघू. १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या केसेसची नोंद झाली. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत एचआयव्ही पहिल्यांदा सापडला. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, ते म्हणजे एझेडटी. गंमत म्हणजे हा रेणू १९६४ मध्येच तयार झाला होता, कॅन्सरसाठी. तिथे त्याचा उपयोग झाला नाही, म्हणून तो पडून राहिला.

पण एकट्या एझेडटीने भागत नव्हतं. हा व्हायरस स्वतःच्या कॉपी काढताना भरपूर चुका करतो. त्या चुकांमधूनच औषधाला दाद न देणारं एखादं व्हर्जन तयार होतं आणि काही महिन्यांत तेच सगळीकडे पसरतं. यावर उपाय सापडला तो तीन औषधं एकत्र देण्याचा. एकाच वेळी तिन्ही औषधांना चकवणं व्हायरसला फार अवघड जातं. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत याचे निकाल मांडले गेले आणि श्रीमंत देशांत मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

खर्च किती? माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. आणि बहुतेक रुग्ण होते आफ्रिकेत.

आता गोष्ट मुंबईत येते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर आउटपुट तेच असू दे, कोड तुमचा स्वतःचा असला की झालं. १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सिप्लाने याच कायद्याच्या आधारावर काम केलं. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी बनवायची पद्धत शोधली आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते बाजारात आणलं. किंमत बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी होती. पण सरकारी कार्यक्रमाचा भर तेव्हा जनजागृतीवर होता, उपचारांवर नव्हता.

मग आला फेब्रुवारी २००१. सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी! त्याच वर्षी 'ट्रायोम्युन' आली. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन एकाच गोळीत, दिवसातून दोनदा. बाहेर ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातात होती, त्यामुळे अशी एकत्र गोळी तिथे निघणं कठीण होतं. इथला कायदा आडवा आला नाही.

स्टॅव्हुडिनचे साइड इफेक्ट वाईट होते. हातापायाला मुंग्या यायच्या, गाल बसायचे. पुढे ते औषध बंद करत आणलं. पण तेव्हा दुसरा पर्याय मरण हाच होता.

आता थांबून विचार करा. माझ्या मित्राचे बाबा २००२ मध्ये गेले. गोळी मुंबईत बनत होती आणि ते महाराष्ट्रातच राहत होते. पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १६ हजार रुपये, तेही दरवर्षी, आयुष्यभर. जगाला जे स्वस्त वाटत होतं, ते त्यांच्या घरात स्वस्त नव्हतं.

सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, आठ सरकारी रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यातलंच एक. मित्राला गोळ्या मिळाल्या त्या याच योजनेतून. बाप आणि मुलगा, आजार तोच. फरक पडला तो दोन वर्षांचा.

म्हणून मला वाटतं, औषधाचा शोध लागला म्हणजे काम संपलं असं नसतं. शोध, कायदा, कारखाना आणि सरकारी तिजोरी, ही चारही कामं झाली तरच गोळी माणसाच्या हातात पडते. एक जरी राहिलं तरी माणूस जातो.

आज एक गोळी रोज, मोफत. नियमित घेतली आणि रक्तातला व्हायरस तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. पण व्हायरस काही पेशींमध्ये लपून राहतो, म्हणून बरं वाटलं तरी गोळी मनाने बंद करायची नाही. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

मित्राचा अलार्म अजून साडेनऊलाच वाजतो. आता तो व्हिटॅमिन म्हणत नाही, निदान आमच्यासमोर तरी. ऑफिसमध्ये मात्र अजूनही म्हणतो. तिथे त्याला तसं म्हणावं लागू नये, यासाठी कुठला कारखाना लागत नाही. ते आपल्यालाच करायचंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!