बाळाजी विश्वनाथ आणि पेशवेपदाची वाढ

अष्टप्रधान मंडळातील, म्हणजे राजाच्या आठ मंत्र्यांतील, पेशव्याचे पद अठराव्या शतकात इतर सातांना मागे टाकून गेले, याचे कारण त्या पदाच्या मूळ अधिकारांत फारसे सापडत नाही. ते बाळाजी विश्वनाथ भट यांनी अंगावर घेतलेल्या जोखमीच्या कामांत शोधावे लागते. श्रीवर्धनची देशमुखी सोडून जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आलेल्या बाळाजींनी कारकुनीपासून सुरुवात केली आणि पुढे सेनापती धनाजी जाधवांच्या हाताखाली महसुलाचा कारभार सांभाळला. धनाजींच्या मृत्यूनंतर त्यांचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये छत्रपती शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंच्या पक्षाला मिळाला, तेव्हा शाहूंनी बाळाजींना ‘सेनाकर्ते’, म्हणजे नव्याने सैन्य उभे करणारे अधिकारी, नेमले. हा मान वरवर मोठा असला तरी खजिना रिकामा असल्याने त्याचा खरा अर्थ सावकारांची मनधरणी करणे हाच होता, आणि महादजी कृष्ण जोशी यांच्यासारख्या सावकारांचे साहाय्य मिळवण्यात बाळाजींचे खरे कौशल्य दिसते.

१७१३ मध्ये याहून अवघड प्रसंग आला. ताराबाईंच्या पक्षाचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनी लोहगड, राजमाची हे किल्ले घेतले आणि त्यांच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. त्यानंतर त्या मोहिमेवर जाणे म्हणजे तीच कैद ओढवून घेण्याचा धोका होता. बाळाजींनी हे काम स्वीकारले आणि १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे त्यांना पेशवेपद देण्यात आले. त्यांनी लढाईपेक्षा बोलण्यांवर भर दिला. १७१४ च्या तहात कान्होजींचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे आधिपत्य, मान्य झाले, पिंगळे सुटले आणि शाहूंना सर्वांत प्रबळ विरोधकच सहकारी म्हणून लाभला. रणात आंग्र्यांना नमवून एवढे साधले असते असे वाटत नाही.

पुढे मोगल दरबारातील प्रबळ सय्यद बंधूंच्या साहाय्यार्थ दिल्लीपर्यंत सैन्य नेऊन बाळाजींनी १७१९ मध्ये स्वराज्याच्या आणि दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखी या महसुलातील वाट्याच्या हक्कांच्या सनदा आणल्या, आणि दीर्घकाळ मोगलांच्या कैदेत असलेल्या शाहूंच्या मातोश्री येसूबाईही परतल्या. एप्रिल १७२० मध्ये सासवडला बाळाजींचे निधन झाले, तेव्हा दरबारातील जुन्या मानकऱ्यांचा विरोध असूनही शाहूंनी पेशवेपद त्यांचे तरुण पुत्र बाजीराव यांना दिले.