चित्राच्या कडेवरचा गंज

आज चित्राच्या दर्शनी बाजूबद्दल मी फार बोलणार नाही. चित्र भिंतीवरून उतरवू आणि त्याची कड बघू. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायचा, कड दुमडायची आणि बारीक लोखंडी चुका ठोकायच्या, ही युरोपातली जुनी रीत. तैलचित्रांबरोबर ती आपल्याकडेही आली.

दमट हवेत चुका गंजतात, हे शाळेतलं ज्ञान. पण कापडाचं काय होतं? कॅनव्हास बहुधा लिननचा, म्हणजे सेल्युलोज. गंजातलं लोह सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण वेगानं घडवतं. चुकेभोवती तपकिरी कडं उमटतं, धागा ठिसूळ होतो आणि एक दिवस कापड चुकेच्या डोक्याखालून निसटतं. मग तिचा ताण शेजारच्या दोघींवर येतो. कॅनव्हास सैल पडून हलायला लागतो, आणि वयानं कडक झालेला रंगाचा थर तडकून सुटतो. बिघाड सुरू होतो कडेला, दिसतो मात्र चेहऱ्यावर.

यावर युरोपात जुना इलाज होता अस्तराचा. मागून नवं कापड पिठाची खळ आणि सरस लावून चिकटवायचं, वर गरम इस्त्री फिरवायची. जुनी कड गंजलेलीच, म्हणून ती अनेकदा सरळ कापून टाकत. हॉलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात खळीऐवजी मेण आणि राळ आली; रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ला हॉपमन यांनी १८५१ मध्ये असंच अस्तर लावलं. या इस्त्रीनं रंगाचे उंचवटे चपटे होऊ शकतात, मेणानं छटा काळवंडू शकतात. शिवाय अस्तरही म्हातारं होतं, मग पुन्हा नवं अस्तर! १९७४ मध्ये ग्रीनिचला फक्त या विषयावर परिषद भरली. तिथे पर्सिव्हल-प्रेस्कॉट यांनी हे चक्र मांडलं आणि अस्तर लावणं काही काळ थांबवा, असा आग्रह धरला.

पण माझी खरी तक्रार कापलेल्या कडेबद्दल आहे. कॅनव्हास ताणताना प्रत्येक चुकेपाशी धागे ओढले जातात, त्यांची लाट होते, आणि वर अस्तराचा रंग वाळला की ती लाट कायमची राहते. फान द वेटरिंग यांनी रेम्ब्रांटच्या कॅनव्हासांवरच्या अशा लाटांचा बारकाईनं अभ्यास केला. एखाद्या बाजूला लाट नसेल, तर तिथून चित्र कापलं गेलं असावं असा संशय घेता येतो. भोकांच्या किती रांगा आहेत यावरून चित्र किती वेळा ताणलं, तेही कळतं.

आता थोडं तत्त्वज्ञान, सवय जात नाही! चेझारे ब्रांदी यांनी १९६३ च्या ग्रंथात चित्राच्या द्रव्याचे दोन भाग केले: दिसणारं रूप आणि त्याला आधार देणारी रचना. प्रसंग आलाच तर रूपासाठी रचना बदलावी, असं त्यांचं म्हणणं. चुकांपुरतं मला ते मान्य आहे. कडेपुरतं नाही. कड आधारही आहे आणि दस्तऐवजही.

आज बरेच संवर्धक पूर्ण अस्तर टाळतात. कापडाला खालून आधार देऊन चुका एकेक करून काढतात, सुटा गंज खरवडतात, कड हळूहळू सपाट करतात. मग फक्त कडेच्या मागे लिननची पट्टी चिकटवतात. त्यासाठी गुस्ताव्ह बर्गर यांचं बेव्हा ३७१ वापरतात, कारण ते पुढे काढता येतं. पुन्हा ताणताना तांब्याच्या चुका किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या पिना मारतात. जुनी भोकं तशीच राहतात.

आमच्या कोकणातल्या घरी आजोबांचं तैलचित्र होतं. कॅनव्हास सुटला म्हणून वडिलांनी ते एका फ्रेमवाल्याकडे दिलं. त्यानं चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कात्रीनं छाटून छान घट्ट ठोकून दिलं. पुढे कित्येक वर्षांनी आत्या म्हणाली, “अरे, चित्रकाराचं नाव त्या दुमडलेल्या कडेवर होतं ना!” वडिलांना ते ठाऊक नव्हतं. चित्र आजही आहे, चित्रकार कोण ते मला सांगता येत नाही.

तुमच्या घरी असं काही असेल तर पक्कड हातात घेऊ नका. आधी कडेचे फोटो काढा, चारी बाजूंचे.