वार्षिक आवृत्तीचा प्रघात आणि क्रीडाविषयक व्हिडिओ गेम : एक ऐतिहासिक परामर्श (१९८८ ते २०२५)

प्रस्तावना

पंचांग दरवर्षी नवे घ्यावे लागते. व्याकरणाचे पुस्तक मात्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरते. क्रीडाविषयक व्हिडिओ गेममध्ये ही दोन्ही एकाच वेष्टनात बांधून विकली जातात. कोणता खेळाडू कोणत्या संघात आहे, ही माहिती प्रत्येक हंगामात बदलते. चेंडू कसा उसळावा, खेळाडूने कसे वळावे, प्रतिस्पर्धी संघाने कोणते डावपेच योजावेत, हे ठरविणारी संगणकीय रचना मात्र बारा महिन्यांत फारशी बदलत नाही आणि बदलूही शकत नाही. तरीदेखील गेली सुमारे साडेतीन दशके या प्रकारातील प्रमुख गेम दरवर्षी नव्या क्रमांकासह आणि बहुधा पूर्ण किमतीस बाजारात येत आहेत. असे गेम दरवर्षी न काढता दोन-तीन वर्षांनी काढावेत काय, हा प्रश्न ग्राहकवर्गात दीर्घकाळ चर्चिला जात आहे. प्रस्तुत लेखात या प्रघाताचा उगम, त्यामागील आर्थिक कारणे आणि तो ज्या ज्या वेळी खंडित झाला त्या वेळचा अनुभव यांचा मागोवा घेतला आहे. लेखात मैदानावरील प्रकारासाठी 'खेळ' आणि संगणकीय प्रकारासाठी 'गेम' हा शब्द योजला आहे.

प्रघाताचा उगम

ज्या मालिकेने वार्षिक आवृत्तीची प्रथा रूढ केली, तिचा पहिला गेम अतिशय सावकाश तयार झाला होता, ही बाब सहसा विस्मरणात जाते. ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक व समालोचक जॉन मॅडन यांच्याशी कंपनीची बोलणी १९८४ च्या सुमारास सुरू झाली. तत्कालीन संगणकांची शक्ती तोकडी असल्याने प्रत्येक बाजूस कमी खेळाडू ठेवण्याचा विचार होता. परंतु खऱ्या खेळाप्रमाणे अकरा विरुद्ध अकरा असेल तरच आपले नाव देऊ, असा आग्रह मॅडन यांनी धरला. परिणामी 'जॉन मॅडन फुटबॉल' हा गेम अ‍ॅपल टू संगणकासाठी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या आवृत्तीस सुमारे चार वर्षे लागली आणि तो विलंब गुणवत्तेच्या आग्रहातून झाला होता.

१९९० मध्ये सेगा कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी निघालेली आवृत्ती लोकप्रिय झाली आणि तेव्हापासून ही मालिका दरवर्षी निघू लागली. पुढे मोटारगाडीच्या नव्या मॉडेलप्रमाणे येणाऱ्या वर्षाचा आकडा नावाला जोडण्याची पद्धत पडली. 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्यात राष्ट्रीय संघ होते, पण खेळाडूंची नावे काल्पनिक होती. १९९५ च्या 'फिफा ९६' मध्ये खरी नावे आली आणि नामावली हीच विक्रीची मुख्य वस्तू होऊन बसली. खरी नावे आली की ती जुनी होण्याचाही प्रारंभ होतो. वार्षिक आवृत्तीस लागणारे निमित्त या परवान्यांनी पुरविले.

त्याच सुमारास मॅडन मालिकेची प्लेस्टेशन या नव्या यंत्रासाठीची आवृत्ती समाधानकारक न झाल्याने रद्द करावी लागली. सोनीच्या 'एनएफएल गेमडे' या गेमला त्यामुळे मोकळे मैदान मिळाले. एका वर्षाचा अवधी अपुरा पडतो, असा धडा या प्रसंगातून घेता आला असता. कंपनीचे पुढील वर्तन पाहता, चुकलेले वर्ष प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडते, एवढाच धडा तिने घेतलेला दिसतो.

स्पर्धेचा अस्त आणि पत्त्यांचा व्यापार

बाजारात तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते तोवर वार्षिक क्रमाचा ग्राहकाला काही लाभ होत होता. २००४ मध्ये 'ईएसपीएन एनएफएल टू-के ५' हा गेम अवघ्या १९.९९ डॉलरला विक्रीस आला आणि मॅडनलाही आपली किंमत उतरवावी लागली. परंतु डिसेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने अमेरिकन फुटबॉल लीगशी अनन्य परवान्याचा करार केला. खरे संघ व खरे खेळाडू वापरण्याचा हक्क त्यामुळे एकाच कंपनीकडे गेला. या अनन्य हक्कांविरुद्ध ग्राहकांच्या वतीने २००८ मध्ये दाखल झालेला दावा २०१२ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. परवाना मात्र तसाच राहिला.

दुसरा आणि अधिक खोल बदल मार्च २००९ मध्ये 'फिफा ०९' च्या 'अल्टिमेट टीम' या जोडविभागाने घडविला. यात खेळाडूंची चित्रे असलेले आभासी पत्ते बंद पाकिटांतून मिळतात आणि त्यांतून संघ बांधला जातो. कालांतराने ही पाकिटे खऱ्या पैशांनी घेणे हा अनेकांचा नित्यक्रम झाला. मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीला विविध गेममधील या विभागातून १६२ कोटी डॉलर मिळाले. एकूण निव्वळ महसुलाच्या २९ टक्के इतका हा वाटा होता. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरविले आणि पुढील वर्षाच्या आरंभी कंपनीने त्या देशातील त्यांची पैशांनी होणारी विक्री थांबविली.

वार्षिक आवृत्तीच्या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीत जमविलेला संघ सामान्यतः मागेच राहतो आणि ग्राहक पुन्हा शून्यापासून आरंभ करतो. गुणवत्तेची चर्चा करणारे बहुतेक लेखन या बाबीकडे दुर्लक्ष करते. दरवर्षी नवा गेम विकण्यातील लाभ केवळ वेष्टनाच्या किमतीचा नाही. जमा झालेली पुंजी दरवर्षी निकालात निघते, यातही तो आहे. दुसरीकडे, हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची संघांतरे झाली की बदललेली यादी इंटरनेटवरून विनामूल्य दिली जाते. जानेवारीत फुकट मिळणारे पंचांग सप्टेंबरात पूर्ण किमतीला का घ्यावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

खंड पडला तेव्हा

तथापि, अवधी वाढविला की गुणवत्ता आपोआप वाढते, असेही इतिहास सांगत नाही. 'एनबीए इलिट ११' हा बास्केटबॉलचा गेम २०१० मध्ये प्रकाशनाच्या काही दिवस आधी लांबणीवर पडला आणि नंतर रद्द झाला. ही मालिका २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, पुढे पुन्हा खंडित झाली आणि २०१८ नंतर बंदच पडली. याच काळात प्रतिस्पर्धी 'एनबीए टू-के' दरवर्षी निघत राहिला आणि बाजार त्याच्याकडे गेला. जपानच्या कोनामी कंपनीने २०२० मध्ये नवा फुटबॉल गेम न काढता जुन्याच गेमची हंगामी सुधारणा कमी किमतीत दिली, हा प्रामाणिक व्यवहार म्हणावा लागेल. पण त्यातून मिळालेल्या अवधीनंतर २०२१ मध्ये आलेला विनामूल्य 'ई-फुटबॉल २०२२' इतका सदोष निघाला की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. 'फुटबॉल मॅनेजर' या २००४ पासून दरवर्षी येणाऱ्या ब्रिटिश मालिकेने २०२५ ची आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या पुढील आवृत्तीच्या नव्या मांडणीवरही जुने ग्राहक नाराजच होते.

याउलट कुस्तीच्या 'डब्ल्यूडब्ल्यूई टू-के २०' या २०१९ च्या गेममधील दोष हास्यास्पद ठरल्यावर पुढील वर्षीची आवृत्ती रद्द झाली आणि मार्च २०२२ मध्ये आलेल्या गेमचे चांगले स्वागत झाले. २०२३ पासून मात्र ही मालिका पुन्हा दरवर्षी निघू लागली. खंडाने सुधारलेला गेमही खंडाची सवय लावून घेत नाही, असे दिसते.

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी, विद्यार्थी खेळाडूंची प्रतिमा मोबदल्याविना वापरली जाते, या कारणावरून २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. हा वाद चालू असतानाच जुलै २०१३ चा 'एनसीएए फुटबॉल १४' मालिकेतील शेवटचा ठरला. पुढे अकरा वर्षे त्याच जुन्या गेमच्या संघयाद्या हौशी लोक स्वतः अद्ययावत करीत राहिले. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये 'कॉलेज फुटबॉल २५' प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून अधिक विद्यार्थी खेळाडूंनी प्रत्येकी ६०० डॉलर व गेमची एक प्रत या मोबदल्यात संमती दिली होती.

क्रिकेटचा दाखला

भारतीय वाचकास हा अनुभव अपरिचित नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने क्रिकेटचा गेम कधीच नियमितपणे दरवर्षी काढला नाही आणि नोव्हेंबर २००६ च्या 'क्रिकेट ०७' नंतर तर ही मालिका बंदच केली. त्या गेममध्ये परवाना ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांचाच होता. भारतीय खेळाडूंची नावे मोडतोड केलेली होती. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर तिचे संघ, गणवेश व नावे हौशी तंत्रज्ञांनी त्याच जुन्या गेममध्ये बसविली आणि भारतातील संगणकांवर तो पुढे वर्षानुवर्षे खेळला गेला. पंचांगाचे काम वाचकांनी करावे आणि व्याकरण जुनेच चालावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. संघयादी गेमपासून वेगळी करता येते, ही पहिली. दुसरी अशी की, निर्मात्याने पाठ फिरविली तर केवळ यादी बदलून गेमचे मूळ दोष जात नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट स्टुडिओजने २०१९, २०२१, २०२३ व २०२५ असे साधारण दोन वर्षांच्या अंतराने क्रिकेटचे गेम काढले. दोन वर्षांचा क्रम व्यवहारात चालू शकतो, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

यादी आणि गेम यांची अशी फारकत मोठ्या कंपन्यांनाही अशक्य नाही. पूर्वी फुटबॉल विश्वचषकासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स स्वतंत्र गेम विकत असे. २०१८ मध्ये तोच मजकूर 'फिफा १८' च्या ग्राहकांना विनामूल्य दिला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतींबाबत जाहीर केले की, २०२६ चा हंगाम 'एफ१ २५' या विद्यमान गेमला सशुल्क पुरवणी म्हणून जोडला जाईल आणि पुढील संपूर्ण गेम २०२७ मध्ये येईल. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, अकरा वर्षांच्या खंडानंतर परतलेल्या महाविद्यालयीन फुटबॉलची पुढील आवृत्ती, 'कॉलेज फुटबॉल २६', पहिलीला एक वर्ष पुरे होण्याच्या आतच तिने विक्रीस आणली होती.