लिनक्सचा काळा पडदा : आभासीकरणाचे कर्नेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

एकाच संगणकावर दोन-तीन स्वतंत्र संगणक चालविण्याची सोय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, अर्थात आभासीकरण. दुसरे यंत्र विकत घेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. मात्र लिनक्सचा आभासीकरणासाठी बांधलेला गाभा, म्हणजेच कर्नेल, सुरू करताच पडदा काळा पडण्याचा अनुभव अनेकांना येतो. नरखेड तालुक्यासारख्या भागात हिशेब, दाखले आणि अभ्यास यांसाठी एकच संगणक असेल, तर पडदा काळा पडणे म्हणजे काम ठप्प होणे आणि जाणकाराच्या शोधात नागपूर गाठणे होय. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते; कर्नेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांचा मेळ जमलेला नसतो.

अडचणीचे मूळ

ड्रायव्हर हे कर्नेलला जोडले जाणारे मॉड्यूल असते. ज्या कर्नेलसाठी ते बांधले, त्यातच ते बसते. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेली झेन ही प्रणाली २००३ मध्ये जगासमोर आली. तिच्यात हायपरव्हायजर सर्वांत खाली असतो आणि मुख्य लिनक्सही त्याच्यावरच चालते. त्यामुळे कर्नेलला मेमरीचा जो पत्ता खरा वाटतो, तो प्रत्यक्षात निराळा असू शकतो. ग्राफिक्स कार्ड मात्र मेमरीशी थेट व्यवहार करते. पत्ता चुकला की चित्र उमटत नाही किंवा यंत्र गोठते.

एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरचा इन्स्टॉलर झेनचे कर्नेल दिसताच काम थांबवीत असे. ‘इग्नोर झेन प्रेझेन्स’ नावाचे व्हेरिएबल देऊन ही तपासणी टाळता येई. पण तपासणी टळली म्हणजे ड्रायव्हर चालेलच, अशी खात्री नव्हती. सोर्स कोड खुला नसल्याने बाहेरच्या प्रोग्रामरला दुरुस्तीही करता येत नसे.

फेब्रुवारी २००७ मधील लिनक्स २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला आणि चित्र पालटले. केव्हीएम हे स्वतःच एक मॉड्यूल असल्याने वेगळ्या कर्नेलची गरज उरली नाही.

दुरुस्तीचा क्रम

१. ‘यूनेम’ या आज्ञेने सध्या कोणते कर्नेल चालू आहे, ते पाहावे.
२. नेमक्या त्याच कर्नेलच्या हेडर फाइल्स बसवाव्यात. नेहमीच्या कर्नेलच्या हेडर्सवर बांधलेला ड्रायव्हर येथे चालत नाही.
३. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वापरायचा असल्यास लिनक्समधील ‘नूवो’ हा ड्रायव्हर आधी बंद करावा. दोघांनाही एकच कार्ड हवे असते.
४. डीकेएमएस वापरावे. कर्नेल बदलले की ते ड्रायव्हर पुन्हा बांधून देते.
५. सिक्युअर बूट चालू असल्यास मॉड्यूलवर स्वाक्षरी करून तिची किल्ली यंत्रात नोंदवावी. अन्यथा कर्नेल ते नाकारू शकते.
६. तरीही पडदा काळाच राहिला, तर ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन संगणक सुरू करावा आणि ‘डीमेसेज’मधील नोंदी वाचाव्यात.

आभासी यंत्राला कार्ड देताना

खरे ग्राफिक्स कार्ड आभासी यंत्राकडे सोपविता येते. त्यासाठी मदरबोर्ड व प्रोसेसरमध्ये आयओएमएमयूची सोय हवी आणि ती बायोसमध्ये चालू करावी लागते. मात्र असे दिलेले कार्ड मूळ लिनक्सला वापरता येत नाही. म्हणून मूळ यंत्राच्या पडद्यासाठी प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स किंवा दुसरे कार्ड असावे. एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांसाठी विंडोजच्या आभासी यंत्रात ही सोय मार्च २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात अधिकृत केली.

मे २०२२ मध्ये याच कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांच्या कार्डांसाठी कर्नेल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला. ड्रायव्हरचा उर्वरित भाग मात्र बंदिस्तच राहिला. जुनी कार्डे या खुल्या मॉड्यूलवर चालत नाहीत. तेव्हा वापरलेले कार्ड स्वस्तात घेण्यापूर्वी त्याची पिढी तपासणे हिताचे. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकातही एनव्हिडियाचीच कार्डे आहेत. पण तेथे देखभालीला तज्ज्ञ असतात. एकट्या संगणकाच्या मालकाने एक पथ्य पाळावे : नवे कर्नेल नीट चालते याची खात्री होईपर्यंत जुने काढू नये. ग्रबच्या यादीतून जुने कर्नेल निवडले, की थांबलेले काम पुन्हा सुरू करता येते.