धावणारा ट्युरिंग आणि एकच चौकोन पाहणारं यंत्र

आजच्या संगणक-अभियंत्याचा दिवस डोळ्यासमोर आणा. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं. स्कॅनर पूर्वी टेबलावर असायचा, आता फोनमध्येच आला आहे. आणि रविवारी पहाटे वीस-पंचवीस किलोमीटरची धाव! आपण म्हणतो, हे नव्या पिढीचं खूळ. पण उपकरणांची हौस, स्कॅनरची कल्पना आणि लांब पल्ल्याचं धावणं या तिन्ही गोष्टी नव्वद वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. तो माणूस म्हणजे ॲलन ट्युरिंग.

१९३५ साली केंब्रिजमध्ये मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून ट्युरिंगपुढे एक प्रश्न आला. गणितातलं एखादं विधान सिद्ध होऊ शकतं की नाही, हे ठरवणारी एखादी ठरावीक, यांत्रिक रीत असू शकते का? प्रश्न मूळचा हिल्बर्टचा. ट्युरिंगला तेव्हा नियमित धावायची सवय लागली होती. पुढे त्यानंच सांगितलं, की उत्तराची दिशा सापडली ती ग्रँटचेस्टरच्या कुरणात पडलेला असताना. रीत ‘यांत्रिक’ आहे असं म्हणायचं, तर मग यंत्रच कल्पून पाहू या! १९३६च्या निबंधात ते यंत्र आलं. चौकोन पाडलेली एक लांबच लांब पट्टी आणि त्यातला एका वेळी एकच चौकोन पाहणारं यंत्र. त्या चौकोनासाठी त्यानं इंग्रजीत जो शब्द वापरला तो ‘स्कॅन्ड’. म्हणजे बघा, संगणक प्रत्यक्षात येण्याआधी कागदावर स्कॅनर आला.

हे यंत्र त्यानं कशावरून घेतलं? माणसावरून. त्या काळी ‘कम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, एक प्रकारचा कारकूनच. तो एका वेळी थोडंच पाहतो, नियम आठवतो, काहीतरी लिहितो, पुढे सरकतो. याच निबंधात ट्युरिंग एक गंमतीची गोष्ट मांडतो. हा माणूस काम अर्धवट टाकून उठून जाऊ शकतो, सगळं विसरूनही जाऊ शकतो. फक्त जाताना एक चिठ्ठी ठेवायची, पुढे काय करायचं याची. परत आल्यावर चिठ्ठी वाचायची आणि काम पुढे चालू. गणिताच्या दृष्टीनं युक्तिवाद पक्का आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी इथे अडतो. उठून गेलेला माणूस मधल्या वेळात कुठे होता? चिठ्ठीत ते नाही, आणि गणिताला त्याची गरजही नाही. माणसाच्या चरित्राला मात्र आहे.

कारण ट्युरिंग स्वतः सारखा उठून जायचा, बरं का. ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांची गुप्त लिपी फोडण्याचं काम चालू होतं, तेव्हाची त्याच्या सायकलची गोष्ट सांगतात. साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटायची. गड्यानं सायकल दुरुस्तीला टाकली नाही. फेऱ्या मोजायचा आणि ऐन वेळी उतरून साखळी सावरायचा! युद्धानंतर टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तो संगणकाचा आराखडा करत होता आणि वॉल्टन ॲथलेटिक क्लबकडून धावत होता. ऑगस्ट १९४७, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्य आलं तोच महिना. लफबरो इथल्या राष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला. वेळ २ तास ४६ मिनिटं ३ सेकंद. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा काब्रेरा जिंकला तो २ तास ३४ मिनिटं ५१.६ सेकंदांत. फरक सुमारे अकरा मिनिटांचा. पण दुखापतीमुळे ट्युरिंगची ऑलिंपिकची आशा संपली. इतकं जिवावर उदार होऊन का धावतोस, असं क्लबच्या सचिवांनी एकदा विचारलं होतं. त्याच्या उत्तराचा आशय असा, की कामाचा ताण डोक्यातून घालवायला मला हाच एक मार्ग आहे. २:४६:०३ हा आकडा नोंदीत आहे, पण हा ताण त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता स्कॅनर कागदावरून खोलीत कसा आला ते पाहू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या दंडगोलावर फोटो लावला आणि ‘सीॲक’ नावाच्या संगणकाला तो दाखवला. फोटो कर्शच्या तान्ह्या मुलाचा. पाच सेंटिमीटर लांब-रुंद. त्याचे १७६ गुणिले १७६ चौकोन झाले, म्हणजे ३०,९७६. प्रत्येक चौकोनाबद्दल यंत्र एकच गोष्ट ठरवायचं. अमुकपेक्षा जास्त उजेड असेल तर पांढरा, नाहीतर काळा. मधलं काही नाही. मग बाळाच्या गालावरची करडी छटा कुठून आणायची? त्यांनी तोच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन केला, दर वेळी उजेडाची मर्यादा बदलून, आणि ती सगळी चित्रं एकत्र केली. तेव्हा कुठे करडा रंग उमटला.

ही युक्ती मला फार मोलाची वाटते. एका मर्यादेनं पाहणं चूक नाही. त्याशिवाय यंत्र चालणारच नाही. घात होतो तो तेवढ्यावर थांबल्यानं. ट्युरिंगच्या बाबतीत तेच झालं. १९५२ साली घरात चोरी झाली म्हणून तो आपणहून पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं निघालं, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. कायद्यापुढे काळं किंवा पांढरं, एवढंच. तुरुंग टाळण्यासाठी त्यानं संप्रेरकांचे उपचार पत्करले. गुप्त कामाचा परवाना गेला. ७ जून १९५४ला तो वारला, वय अवघं ४१. चौकशीचा निर्णय आत्महत्येचा होता. ब्लेचलीतलं त्याचं काम सामान्य लोकांना आणखी सुमारे वीस वर्षं कळणार नव्हतं. सरकारी माफी आली ती २०१३ साली. म्हणजे समाजाला मर्यादा बदलून दुसऱ्यांदा पाहायला साठ वर्षं लागली, आणि तोवर तो माणूस राहिला नव्हता.

आम्ही इतिहास वाचणारेही एक प्रकारे स्कॅनरच. निकालपत्र, शर्यतीची वेळ, निबंधाची तारीख, असे सुटे चौकोन आमच्या हाती लागतात. न्यायालयाचं कागदपत्र ठेवून शर्यतीचा निकाल वाचायचा, तो ठेवून निबंध वाचायचा, आणि मग सगळं एकावर एक ठेवून पाहायचं. उद्या पहाटे तुमच्यापैकी काही जण धावायला जातील. घड्याळ बांधा, आकडा नक्की पाहा. तो खराच असतो. पण घरी आल्यावर कुणी विचारलं की कसं झालं, तर नुसता आकडा सांगून गप्प बसू नका. वाटेत काय पाहिलं, डोक्यातून काय उतरलं, तेही सांगा. घड्याळाला ते माहीत नसतं.