प्रोजेक्शन कुठे चुकतं? कोंडाण्याच्या लेण्यापासून झेडब्रशपर्यंत

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघालात की कोंडाणे गाव लागतं आणि गावामागच्या जंगलात कोंडाण्याची लेणी. (सिंहगडाचा कोंढाणा वेगळा. सर्च करताना हा घोळ हमखास होतो.) इथलं चैत्यगृह साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचं. त्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका मोठ्या मूर्तीचा तुटका अवशेष आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. त्या काळातल्या कारागिराचं नाव, तेही गुरूच्या नावासकट, सहसा मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, थ्रीडी मॉडेलिंगवरच्या लेखात लेणं कशाला? कारण हे लेणं स्वतःच एक प्रोजेक्शन आहे. एका मॉडेलचा पृष्ठभाग दुसऱ्या मॉडेलवर उतरवणं, याला आपण प्रोजेक्शन म्हणतो. बलकाच्या पिढीने लाकडी इमारतीचा पृष्ठभाग खडकावर उतरवला. कमान, जाळ्या, तुळयांची टोकं, सगळं दगडात. खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी छत भिंतींना बाहेर ढकलतं म्हणून लाकडी खांब कलते ठेवावे लागत. एकसंध खडकाला त्याची काहीच गरज नाही, तरी तो कल तसाच उतरला. पृष्ठभाग आला, त्यामागचं कारण मात्र मागेच राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

नंतरचा टप्पा युरोपातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे शिल्पकारांकडे पॉइंटिंग मशीन रुळलं. प्लास्टरच्या नमुन्यावर तीन पक्के बिंदू धरायचे, त्यांवर एक चौकट टेकवायची, चौकटीतली सुई पृष्ठभागाला लागेपर्यंत आत सरकवायची आणि तिथे अडकण लावायची. मग तीच चौकट संगमरवरावरच्या तीन बिंदूंवर टेकवून सुई अडकणीपर्यंत जाईस्तोवर दगड काढत राहायचं. असे शेकडो बिंदू.

संगणकाने यात तत्त्व बदललं नाही, फक्त सुईच्या जागी किरण आला. साध्या मेशच्या प्रत्येक शिरोबिंदूपासून पृष्ठभागाला लंब दिशेत, म्हणजे नॉर्मलच्या दिशेत, किरण सोडायचा. तो तपशीलवार मेशला जिथे लागेल तिथे शिरोबिंदू नेऊन ठेवायचा. व्यंकट कृष्णमूर्ती आणि मार्क लेव्हॉय यांनी 1996 मध्ये दाट मेशवर गुळगुळीत पृष्ठभाग बसवून उरलेला तपशील डिस्प्लेसमेंट म्हणून साठवण्याची पद्धत मांडली. त्याच लेव्हॉयच्या गटाने 1998-99 मध्ये फ्लॉरेन्सला मायकेलँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला, सुमारे 2 अब्ज पॉलिगॉन! एवढं ओझं घेऊन काम होत नाही, म्हणून हलका मेश आणि त्यावर उतरवलेला तपशील ही जोडी अपरिहार्य झाली. झेडब्रशमधलं 'प्रोजेक्ट ऑल' हे बटण याच घराण्यातलं.

ते दाबल्यावर मॉडेलला काटे फुटतात, बोटं एकमेकांना चिकटतात, ओठ आत ओढले जातात. विद्यार्थी लगेच सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. पण पॉइंटिंग मशीन डोळ्यांपुढे ठेवा, बहुतेक कारणं आपोआप कळतील. सुई फार लांब सोडली तर ती बोट पार करून पलीकडच्या बोटाला लागते. डिस्टन्स जास्त ठेवलं की हेच होतं, म्हणून ते कमी ठेवा आणि बोटं, पापण्या, तोंडाची पोकळी आधी मास्क करा. सुई उलट्या दिशेने धरली तर ती हवेत जाते. तेव्हा नॉर्मल उलटे आहेत का ते पाहा. आणि सगळ्यात वरच्या सबडिव्हिजनवर एकदम उडी मारू नका. खालच्या पातळीवर प्रोजेक्ट करा, एक पातळी चढा, पुन्हा करा. प्रत्येक वेळी किरणाला थोडंच अंतर कापावं लागतं. आधी मॉर्फ टार्गेट साठवून ठेवलं, तर बिघडलेली जागा मॉर्फ ब्रशने मूळ स्थितीत आणता येते. आणि हो, नको असलेला एखादा सबटूल दिसत राहिला असेल तर किरण त्यालाही लागतात. काट्यांचं हे कारण हास्यास्पद वाटतं, पण आधी तेच तपासा.

चौकट हलली तर? मग सगळेच बिंदू चुकतात, आणि सारखेच चुकतात, त्यामुळे चूक दिसत नाही. संशोधनात खरा धोका इथे आहे. दोन मेश एकमेकांवर बसवायला आपण आयसीपी वापरतो, बेसल आणि मॅके यांनी 1992 मध्ये मांडलेली पद्धत. ती जवळचे बिंदू जुळवत जाते, सुरुवात चुकीची असेल तर चुकीच्या जागीच स्थिरावते. कल्पना करा, कोंडाण्याच्या दर्शनी भागाचे दहा वर्षांच्या अंतराने दोन स्कॅन घेतले आणि जुळणी 5 मिलिमीटरने सरकली. तुमच्या नकाशावर तेवढी झीज दिसेल, दगड मात्र जागच्या जागी असेल. म्हणून जुळणी झिजणाऱ्या भागावर करू नका. न हलणारे, न झिजणारे बिंदू आधी ठरवा आणि त्यांतले काही जुळणीत न वापरता केवळ तपासणीसाठी राखून ठेवा.

दुसरा मोह भरण्याचा. कोंडाण्याच्या बहुतेक खांबांचे खालचे भाग पाण्याने आणि काळाने गेले आहेत, छताच्या लाकडी कमानीही नाहीत. घाटावर भाजे लेण्यात मूळ लाकूड अजून टिकून आहे आणि दोन्ही लेणी एकाच घडणीची. भाज्याचा मेश कोंडाण्यावर प्रोजेक्ट केला तर तासाभरात देखणं, अखंड चैत्यगृह तयार होईल. खालापूर तालुक्यात चौकजवळच्या एनडी स्टुडिओत 'जोधा अकबर'साठी महाल उभे राहिले तेही असेच, फक्त पृष्ठभाग. सिनेमाला तेवढं पुरतं आणि तिथे कुणाची फसवणूक होत नाही. तुमच्या प्रबंधात मात्र वाचक त्या खांबाची जाडी मोजेल आणि कोंडाण्याची म्हणून पुढे वापरेल. 2009 च्या लंडन चार्टरने अशा प्रतिकृतींमध्ये पुरावा कोणता आणि अनुमान कोणतं हे नोंदवण्याची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात करायचं एवढंच: प्रोजेक्ट झालेल्या प्रत्येक शिरोबिंदूसोबत तो कोणत्या स्रोतातून आला आणि किरणाने किती अंतर कापलं हे साठवा, आणि उसन्या भागांना वेगळा रंग द्या. बलकाच्या मूर्तीपाशी तर प्रोजेक्ट करायला दुसरा नमुनाच नाही. ती जागा मेशमध्ये तुटकीच ठेवा.